घासलेला तवा

"पुन्हा घासलास?" सासऱ्यांनी विचारलं.

सिंकमध्ये बिडाचा तवा राखाडी होऊन पडला होता. शेजारी तारेची घासणी आणि साबणाचा फेस.

"विसरले, बाबा," सून म्हणाली.

सासूबाईंनी त्या तव्यात आयुष्यभर तेल मुरवलं होतं. त्या गेल्या आणि सासरे भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. डॉक्टर आले, बहीण आली, सगळ्यांनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग एके दिवशी स्वयंपाकघरातून तारेची खरखर ऐकू आली आणि ते संतापून, भिंत धरत धरत तिथवर गेले.

तेव्हापासून रोज हेच. दुपारची डुलकी काढून उठावं, तर तवा घासलेला. मग ते तो पुसत, तेलाचं बोट फिरवत, जास्तीचं फडक्यानं टिपत, धूर निघेपर्यंत तापवत. सून सगळं नव्यानं विचारी. तेल एवढंच का? जास्त झालं तर चिकटतं, ते सांगत. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. एवढी शिकलेली बाई, पण हे काही डोक्यात शिरत नाही, असं मुलगाही म्हणे. त्या तेलाचा वास तर नाकात असा बसला होता, की डुलकीतसुद्धा येई.

आज मात्र त्यांचा तोल सुटला.

"तुझ्या सासूचं एवढंच उरलंय या घरात. तेही धुऊन टाकतेस. मी तवा घेऊन बहिणीकडे जातो राहायला."

सुनेचे डोळे भरले. तिनं पिशवी उचलली आणि ती बाजारात गेली.

तवा गुंडाळायला जुनं कापड हवं होतं. ते स्टुलावर चढले. मध्यंतरी त्यांना चप्पल घालायलाही माणूस लागत होता. वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, एक गाठोडं हाताला लागलं. जड होतं, आणि कोमट.

त्यांनी गाठ सोडली. आत बिडाचा दुसरा तवा होता. काळाभोर, गुळगुळीत, कुठे चिकटपणाचा ठिपका नाही. बोट फिरवलं, तर नुकतं मुरलेलं तेल. बायकोलाही इतकं साधलं नव्हतं. त्यांनी गाठ होती तशी बांधली आणि गाठोडं पुन्हा डब्यांच्या मागे सरकवलं.

सून परतली तेव्हा ते ओट्यापाशी घासलेला तवा पुसत होते.

"बॅग भरली, बाबा?" तिनं हळूच विचारलं.

"नाही," ते मान वर न करता म्हणाले. "उद्या कडाही नीट घास. आज राहिल्यात."