साडूबुवांचं जॅकेट

"हेच घ्या, साडूबुवा," म्हणत फरामर्जने निळं जॅकेट ईरजच्या अंगावर फेकलं. "तुमच्यासारख्याला एवढं पुरे."

तेहरानच्या मुनीरिये चौकातल्या यदुल्लाच्या दुकानात दोघं तासभर उभे होते. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघांमधून मात्र अठरा वर्षं विस्तव जात नव्हता. फरामर्ज साखरेचा खडा गालात धरून चहा प्यायचा, म्हणून ईरजने साखर सोडली होती.

शुक्रवारी ईरज तोचालच्या शिखरावर जाणार होता, ऐन हिवाळ्यात. "तुमची धाव पायथ्याच्या चहाखान्यापर्यंत," असं सासऱ्यांच्या घरी भर पंगतीत फरामर्ज बोलून गेला आणि ईरजने तिथल्या तिथे पैज लावली. आता माघार म्हणजे सासुरवाडीत नाक कापून घेणं. वरच्या धारेवर वारा माणसाला उभं राहू देत नाही. गेल्याच महिन्यात तिथून एकाला चादरीत गुंडाळून खाली आणलं होतं. फरामर्ज वीस वर्षं तो डोंगर चढत होता, म्हणून बायकांनी आग्रहाने दोघांना खरेदीला एकत्र धाडलं होतं.

निळं जॅकेट 'स्नोमीर'चं होतं. आत कापूस, बाहेर चकाकी.

यदुल्लाच्या डाव्या हाताची दोन बोटं डोंगराने ठेवून घेतली होती. तो खाकरला. "आगा, ते गाडीत बसून बर्फ बघायला ठीक आहे. वाऱ्यात..."

"तुम्ही चहाचं बघा," फरामर्ज म्हणाला.

ईरजने वरच्या लाल जॅकेटकडे बोट केलं. "आणि ते?"

"ते 'दमावर'. तब्रीझचा देशी माल. आत पिसं भरलीत, कोंबडा दिसाल. शिवाय ते घालून मिरवायला आधी डोंगर चढावा लागतो."

"तुम्ही स्वतः काय घालता?"

"स्नोमीर. कित्येक वर्षं."

यदुल्लाने तोंड उघडलं. फरामर्जने त्याच्याकडे असं पाहिलं की ते आपोआप मिटलं.

"बूटही हलकेच घ्या," फरामर्ज पुढे म्हणाला. "जाड तळव्याचे ओढत न्यायला गाढवाचा जन्म लागतो. तेवढी एक अडचण तुम्हाला नाही म्हणा."

ईरज लाल झाला. "अठरा वर्षं ऐकतोय तुम्हाला. माझं भलं होईल असं एक वाक्य तुमच्या तोंडून निघालेलं नाही."

"भलं करण्याजोगं काही दिसलं तर ना."

ईरजने निळं जॅकेट जमिनीवर टाकलं, लाल घातलं, गळ्यापर्यंत चेन ओढली. जाड तळव्याचे बूट घेतले. फरामर्जने नाक मुरडलेले दुहेरी हातमोजेही घेतले. "शिखरावर मी उभा असेन आणि तुम्ही खाली कुडकुडत बघाल," म्हणाला आणि पिशव्या उचलून दार आपटत निघून गेला.

यदुल्ला निळ्या जॅकेटची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "इतक्या वर्षांची ओळख म्हणून गप्प बसलो, आगा फरामर्ज. देवाने त्याला अक्कल दिली म्हणून वाचला. तुम्ही त्याला मारायलाच निघाला होता. पुन्हा या दुकानाची पायरी चढू नका."

फरामर्जने दार हलकेच ओढून घेतलं. बाहेर फुटपाथवर येऊन त्याने मेव्हणीला, ईरजच्या बायकोला, फोन लावला.

"शहला, तुझ्या मनासारखं झालं. जॅकेट, बूट, हातमोजे, सगळं चांगलं घेतलंय त्याने. लोकरीचे मोजे तेवढे राहिले. ईरज घरी आला की त्याला सांग, फरामर्ज म्हणत होता, सुतीच बरे."