उघड्यावरचा फासा

फासा पुस्तकाच्या आड पडला. भावाने वाकून पाहिलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "सतरा. वाचलीस, ताई."

बहीण दवाखान्यातल्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. बारा किंवा त्याहून जास्त पडले तर खेळातली तिची दिवेवाली विहिरीतून वर येणार होती, कमी पडले तर खालीच राहणार होती. तीन आठवडे, रोज चार ते सहा या भेटीच्या वेळेत, तिने ही दिवेवाली जिवापाड जपली होती. इतकं जपल्यावर माणूस आनंदाने ओरडतो. ती पुस्तकाकडे बघत राहिली.

पुस्तक आज पलंगावरच्या टेबलावर उभं होतं. उभं ठेवलं की वाचायला बरं पडतं, असं भाऊ म्हणाला होता. सव्वीस वर्षं ते आडवं ठेवून वाचताना त्याला कधी त्रास झाला नव्हता.

रद्दीच्या दुकानात सापडलेलं ते पुस्तक दोन गंजलेल्या पिनांवर तगून होतं, आणि लिहिणाऱ्याचं नाव असलेलं पान उंदरांनी केव्हाच संपवलं होतं. आत मिठाने गिळलेल्या एका शहराची माहिती होती: त्याच्या गल्ल्या, त्याच्या विहिरी, विहिरीत काय राहतं, आणि कुठल्या धुक्यात गेलं की माणसाचं काय नाहीसं होतं याचे तक्ते. खेळ सोपा होता. एकाने शहर सांगायचं, दुसऱ्याने त्यात कोणीतरी होऊन फिरायचं, आणि जिवावर बेतलं की वीस बाजूंच्या फाशाने निकाल द्यायचा. शहाणी माणसं असल्या पुस्तकाला चिमट्यानेही उचलणार नाहीत. ही दोघं त्यावर जीव टाकत.

भाऊ जमीनमोजणीच्या खात्यात होता. त्याने त्या नसलेल्या शहराचा नकाशा प्रमाणात काढला, सातशे बारा घरांसकट. बहीण बाजारातली वजनमापं तपासायची. तिने पहिल्याच दिवशी फासा मिठाच्या पाण्यात सोडून पाहिला, एकच बाजू सारखी वर येते का म्हणून. आली नाही, तेव्हा कुठे बाईंनी फासा पास केला. वर एक अट घातली.

"फासा उघड्यावर टाकायचा. लबाडीने वाचायचं असेल तर भीती कसली आणि मजा तरी कसली?"

भावाने अट पाळली. तिची अकरा माणसं त्याने उघड्यावर मारली. एक तर तिच्या वाढदिवशीच मेला. दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "बरोबर केलंस. चल, नवीन माणूस."

म्हणूनच दवाखान्यात दाखल होताना तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, रिपोर्ट माझ्या भावाकडे द्या. तो माझ्याशी खोटं बोलत नाही. आणि भावाला बजावलं होतं, "जे असेल ते. आडपडदा नको."

रिपोर्ट आज यायचा होता. भाऊ दारातूनच म्हणाला होता, "मशीन बिघडलंय म्हणे. सोमवारी बघू."

दार ढकलून सिस्टर आत आली. या सिस्टरने तीन आठवडे दोघांचा पिच्छा पुरवला होता. फासे घरंगळतात, रुग्णांची झोपमोड होते, सहा म्हणजे सहा. आता सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने पायाकडची चादर नीट केली.

"बसा हो," ती भावाला म्हणाली. "कसली घाई आहे?"

ती गेली. बहिणीने दाराकडे पाहिलं, मग पुस्तकाच्या नव्या कापडी वेष्टनाकडे. बारीक, जीव लावून घातलेली टीप होती. ही भावजयेची शिवण. याच भावजयेने दोनदा हे पुस्तक बंबात घालायची धमकी दिली होती.

"छोट्या, एकेचाळिसावं पान वाच," बहीण म्हणाली.

"आत्ता? दिवेवाली तर वर आली, आता पुढे..."

"वाच."

ते पान दोघांनाही पाठ होतं. त्या पानापुढे विहिरीतली पिशाच्चं म्हणजे मांजरं, असं तीच म्हणायची. भावाने वाचायला घेतलं. "या शहरात माणूस मेला की त्याला कोणी सांगत नाही. तो रोजच्यासारखा उठतो, दुकान उघडतो, शेजाऱ्यांशी बोलतो. त्याला काही कळत नाही. लोक फक्त..."

त्याला पुढे वाचवेना. तो पाणी प्यायला, पुन्हा त्याच ओळीवर आला आणि पुन्हा अडला.

"लोक फक्त त्याच्याशी गोड वागायला लागतात," बहिणीने वाक्य पुरं केलं.

तिने हात पुढे करून पुस्तक टेबलावरून उचललं. सलाइनची सुई टोचलेला हात, त्यामुळे जरा वेळ लागला. भावाने तिला अडवलं नाही. मागे फासा होता. त्यावर तीन पडले होते.

"ताई, मी..."

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाचवलंस मला," ती म्हणाली. "किती दिवस म्हणाले डॉक्टर?"