चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी

दरड कोसळल्यावर तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच टाकलं होतं, "नातेवाईक सापडल्याचं सांगून पैसे उकळतायत. अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका." ऐकीव होतं, पण म्हटलं सावध केलेलं बरं. चौथ्या दिवशी मदत छावणीत एका आजोबांनी चष्म्याच्या डबीतून मुलीच्या नंबरची चिठ्ठी काढली. मी फोन लावला. "ताई, तुमचे बाबा सुखरूप आहेत." "वाचलाय आम्ही मेसेज. किती पाहिजेत?" आजोबांनी फोन ओढला. "चिमणे, मीच बोलतोय गं." ती रडायला लागली. "आता आवाजही काढता का माझ्या बाबांचा?" छावणीत होते त्या तिन्ही फोनवरून लावून पाहिलं; तिने एकेक करून तिन्ही ब्लॉक केले. मी ग्रुपवर लिहिलं, "तो मेसेज खोटा होता." लगेच उत्तर आलं, "फसवणारेच असं लिहितात." आजोबांनी चिठ्ठी घडी करून डबीत ठेवली. "हुशार आहे रे माझी पोर," ते म्हणाले. "तिला कुणी फसवू शकणार नाही."