सम्राटाचे लाल जोडे

थेसालोनिकीच्या चर्चमध्ये सात वर्षांच्या सहसम्राटाची शवपेटी ठेवली होती. ज्याच्या हाकेनं बंदरातली गलबतं हेलकावत, तो भालदार रिवाजाप्रमाणे गरजला, “सम्राटा, राजांचा राजा परमेश्वर बोलावतोय! मुकुट उतरव!” म्हाताऱ्या कारभाऱ्यानं पोराचा मुकुट काढला. त्यासरशी दाई अर्गिरी पुढं घुसली अन् सम्राटानंच घालायचे ते लाल जोडे त्याच्या पायांतून ओढू लागली. “बये, जोडे राहू देत! सम्राट आहे तो!” कारभारी खेकसला. “मुकुट घेतलास ना? आता लेकरू माझं आहे.” जोडे निघाले. टाचांवर फोडच फोड होते. “तापात फणफणतानाही दरबारात उभं केलंत. पाय दुखतात म्हणाला, तर तूच म्हणालास, सम्राटाचे पाय दुखत नसतात!” तिनं जोडे कारभाऱ्याच्या छातीवर आदळले. “घे, तुझ्या नातवाला नेमके होतील!” म्हातारा दचकून मागं सरला. जोडे फरशीवर पडले. उचलायला कुणीच वाकेना.