मागच्या बागेतली खोली

गेटची कडी वाजली आणि मार्तंडराव लगबगीनं बागेकडे निघाले.

महापालिकेचा इंजिनिअर बागेतली खोली तपासायला आला होता. खोली कसली, चांगला हॉलच! लेक सुरुची नवऱ्याचं घर सोडून परत आली, पाठोपाठ धंतोलीतली नोकरीही सुटली. आता ती तिथं फिजिओथेरपीचं क्लिनिक काढणार होती. मंजुरीचा कागद मिळाला की पोरगी पायावर उभी. नाही मिळाला तर बुलडोझर. आणि खोली तर नकाशापेक्षा हातभर लांब झाली होती.

भीतीपायी माणसाला काय सुचेल, नेम नाही. गेल्या आठवड्यात मार्तंडरावांनी बागेतलाच एक गोल दगड उचलला, शेंदूर फासला आणि खोलीत मधोमध मांडला. मारुतीराय प्रकटले म्हणून बायकोलाही, यमुताईंना, सांगून टाकलं. त्यांनी ते गल्लीभर केलं. नारळ फुटू लागले.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?" सुरुची तेव्हा कुजबुजली होती.

"गप वं! देवाचं घर पाडायची कोणाची छाती आहे?"

इंजिनिअर ठवकर तरुण होता, कमी बोलणारा. त्यानं टेप लावला. परत एकदा लावला. मार्तंडरावांचा सदरा पाठीला चिकटला. मेलो, सापडलो, दुसरं काही त्यांच्या मनात येईना.

मग ठवकरचं लक्ष शेंदराकडे गेलं. त्यानं बूट काढले, हात जोडले.

"हे काय काका? लोकं येतात इथं?"

"येतात म्हणजे? अख्खी गल्ली येते! रोज आरती होते."

सुरुचीनं बाही ओढली. त्यांनी झटकली.

"म्हणजे मंदिरच झालं म्हना ना."

"मंदिरच! जागृत देवस्थान आहे, साहेब. हात लावून चालायचं नाही."

ठवकरनं बॅगेतून एक कागद काढला, थोडा वेळ पाहिला आणि परत आत घातला.

"कसला हो तो?" मार्तंडरावांचा आवाज फाटला.

"ताईच्या क्लिनिकची मंजुरी. सही करूनच आनली होती. हातभराचं काय, तेवढं नियमात बसते. पन मंदिराची मंजुरी मले देता येत नाही, काका. ते खातंच वेगळं आहे."

मार्तंडराव त्याच्या आडवे झाले. "अहो थांबा! दगड आहे तो, साधा दगड! आत्ता उचलून बाहेर टाकतो, तुमच्यासमोर!"

ते वाकले, तोच दारातून आरतीची ताटं घेऊन गल्लीतल्या बायका आत शिरल्या. सगळ्यांच्या पुढं यमुताई.

"खबरदार हात लावाल तर!" त्या कडाडल्या. "अंघोळ तरी केलीत का आज?"