टाकी झुलवताना

अप्पांना आता लेकही ओळखू येत नव्हती. निदान स्वतःच्या हाताने सांभाळलेली गाडी तरी ओळखतील, या आशेने तिने ती दुरुस्तीला काढली. मिस्त्रीने पेट्रोलचे तडकलेले पाइप बदलले, टाकी उतरवली आणि आत साबणपाणी ओतून बारीक साखळी सोडली. “ताई, तुमची बाजू धरा. झुलवली की पोटातला गंज सुटतो.” दोघं टाकी झुलवू लागले. साखळी लयीत खुळखुळली, दुपारही पेंगुळली. खुर्चीतले अप्पा उठून जवळ आले. गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीवर अलगद हात ठेवून म्हणाले, “हळू. जागी होईल ती.” “कोण हो?” मिस्त्रीने विचारलं. “माझी लेक. भारी हट्टी. गाडीत फिरवल्याशिवाय डोळा लागत नाही तिचा.” मिस्त्रीने आपली कड हळूच अप्पांच्या हाती दिली. “झोपली, अप्पा,” ती पुटपुटली. तरी बापलेक टाकी झुलवत राहिले.