सुनेचं हत्यार

कॉम्प्युटर पाचव्यांदा चालू केला, तरी तोच निळा पडदा आला. त्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. श्रेयाने बटण दाबून तो बंद केला, मागची वायर काढली, फुंकर मारून पुन्हा बसवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होते.

बाराला तिची परीक्षा होती. पुण्याच्या एका कंपनीचं काम, घरी बसून करायचं. सहा महिने अभ्यास करून ती इथवर आली होती. परीक्षा कॉम्प्युटरवरच द्यायची, कॅमेऱ्यासमोर, खोलीत दुसरं माणूस नको. मोबाईल चालणार नव्हता आणि दुसरी तारीख मिळणार नव्हती.

तिची सासू बयाबाई दारातच उभी होती. आत जायला पाय उचलत नव्हता, आणि बाहेर जाऊन बसवत नव्हतं. सोलायला घेतलेला लसूण तसाच ओच्यात राहिला होता.

"अहो, ते पण करून बघितलं," श्रेया फोनवर नवऱ्याला सांगत होती. आदेश चाकणला कामाला होता. फोन स्पीकरवर होता. "दहा सेकंद बटण धरून ठेवलं. तेच येतंय."

"उंदरानं वायर कुरतडली असंल," आदेश म्हणाला. "आई, उंदीर झालेत का गं घरात?"

"लई झालेत," बयाबाई चटकन म्हणाली. "परवाच एक माळ्यावर पळताना दिसला."

वर्षभरात तिने घरात उंदीर पाहिला नव्हता.

काल दसरा झाला. बयाबाईने अंगणातला ट्रॅक्टर पुजला, विळे-खुरपी पुजली, स्वतःचं शिलाई मशीन पुजलं. श्रेया लहानग्या मुलाला, शौर्यला घेऊन आळीत सोनं वाटायला गेली होती. जाताना बजावून गेली होती, "आत्या, कॉम्प्युटरला कुंकू-बिंकू नको हां. आत जातं." ताटात एक झेंडू आणि थोड्या अक्षता उरल्या होत्या. ताट घेऊन बयाबाई या खोलीच्या दारात बराच वेळ थांबली. मग आत गेली. सून परतायच्या आत तिने फूल उचललं, तांदूळ वेचले, ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. एक डाग ठेवला नाही.

सव्वाअकराला मंचरहून तौहीद आला. त्याचं तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"उशीर झाला, वहिनी. दसऱ्याचा दुसरा दिवस आमच्या लई धावपळीचा असतो," तो खाली बसत म्हणाला.

बयाबाई उंबऱ्यावरून एक पाऊल मागे सरकली.

तौहीदने कॉम्प्युटरचा डबा उघडला नाही की वायरी तपासल्या नाहीत. निळा पडदा पाहिला, कीबोर्डची वायर उपटून बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर सरळ चालू झाला. पडद्यावर शौर्यचा फोटो आला.

"मशीन चांगलं हाय. ह्या कीबोर्डातलं एक बटण दाबलेलंच राहतंय. त्याला वाटतं, तुमीच दाबून धरलंय."

"दुसरा आहे का तुमच्याकडं?"

"दुकानात हाय. जाऊन यायला पाऊण तास."

श्रेयाने घड्याळाकडे पाहिलं. तौहीदनेही पाहिलं. मग त्याने कीबोर्ड मांडीवर घेतला, एकेक बटण बोटाने चाचपलं, कोपऱ्यातल्या एका बटणावर थांबला आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने ते अलगद उचकटलं. आतलं काहीतरी नखाने काढून त्याने मुठीत घेतलं. बटण बसवलं, वायर जोडली आणि पुन्हा चालू केलं. शौर्यचा फोटो आला.

"काय होतं?" श्रेयाने विचारलं.

"कचरा," तौहीद म्हणाला.

निघताना ओट्यावर त्याने बयाबाईच्या हातात मूठ रिकामी केली. "मावशी, पुढच्या साली फडकं कोरडं घ्या," तो हळूच म्हणाला. "ओल्यानं दाणा फुगला न् अडकला." आणि गाडीला किक मारून गेला.

बयाबाईने मूठ मिटली. दाणा नखाएवढाही नव्हता, पण हाताला टोचत होता. आत श्रेया पडदे ओढत होती, खुर्ची सरकवत होती. बाराला दहा कमी होते.

"आत्या, ते उंदरांचं औषध आणायला पाहिजे बरं का," तिने आतून हाक दिली.

बयाबाई आत गेली आणि तळहात पुढे केला. "उंदीर नव्हता."

कुंकवाने लाल झालेला, फुगून चिरलेला तांदूळ. श्रेया बघत राहिली.

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतंस."

"मग?"

"घरातल्या समद्यांची हत्यारं पुजली. तुझंच तेवढं बिनपुजेचं ठिवायचं व्हय?"

 श्रेयाने खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली, बसली आणि मान खाली केली.

"मशीनवर नको," ती म्हणाली. "हितं टाका. आणि लवकर, मला दार लावायचंय."

बयाबाईने दाणा बरोबर भांगात टाकला.

दार लागलं. बयाबाई ओट्यावर लसूण घेऊन बसली. आतून बटणांची खटखट सुरू झाली. ती मध्येच थांबली, की बयाबाईच्या बोटांतली पाकळीही थांबायची. पुन्हा सुरू झाली, की साल निघायची.